लंडन शून्य, जावा पाच

१४ ऑक्टोबर १९३३, शनिवार

लंडन आज दुसऱ्या संध्याकाळीही आले नाही. आठ वाजता सेट लावला. घरघर. सव्वाआठला घरघर. दानम्माने तारेचे टोक पुन्हा घट्ट केले, छपरावरचा बांबू हलवून पाहिला. घरघरच. नोंदवहीत शून्य लिहिले.

नोंदवहीत फक्त आकडे लिहायचे असतात. बाकीचे लिहायला ही दुसरी वही काढली आहे.

सेट मिलमधल्या इंजिनियरसाहेबांच्या मडमेने दिला. तिला मी तीन वर्षे मराठी शिकवले. ती विलायतेला परत गेली. तिला मराठी आले नाही, मला सेट मिळाला. कन्याशाळेतून निवृत्त झाल्यापासून मला काम नव्हते. कलकत्त्याच्या एका प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात विनंती छापली होती: ज्यांच्याकडे लघुलहरींचा रेडिओ आहे त्यांनी दूरचे केंद्र रोज ठरल्या वेळी ऐकावे आणि त्याच्या आवाजाला शून्य ते पाच गुण द्यावेत. गुण देण्याचे काम मी एकोणतीस वर्षे केले आहे. लगेच पत्र लिहिले. उत्तर आले की सोलापूर सतरा अंश अक्षांशावर आहे आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळचे निरीक्षक त्यांच्याकडे फार थोडे आहेत. सोलापूरला अक्षांशासाठी कुणी मागणी घातलेली मी प्रथमच पाहिली.

सेटची कळ दानम्मा फिरवते. माझा धाकटा भाऊ बसप्पा याची मुलगी, वय अठरा, मॅट्रिक पास. तिची आई वारली तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिचा हात हलका आहे. माझा जड आहे, छडीमुळे असेल.

१५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी बसप्पा आला. त्याची सुताची पेढी रविवारी बंद असते. दानम्मासाठी अक्कलकोटचे स्थळ आले आहे. मुलगा शेंगांच्या अडतीवर बसतो. सगळे म्हणतात, चांगला आहे. म्हणजे बोलत नसावा.

दानम्मा म्हणाली, "अप्पा, मला पुण्याला कॉलेजात जायचंय. सायन्स घ्यायचंय."

बसप्पा हसला. "अक्का गेली होती की. काय झालं?"

मी समोरच बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पानाचा डबा शोधू लागला.

"तसं न्हाय अक्का. तुझं वेगळं."

वेगळे कसे ते सांग, असे मी म्हणाले. तेवढ्यात त्याला डबा सापडला.

१९०४ साली मी बी.ए. झाले. आमच्या लिंगायतांत मुलीने पुण्याला जाऊन शिकणे तेव्हा कुणी ऐकलेही नव्हते. परत आले तेव्हा मुलाकडचे म्हणत, ही आपल्या मुलाला शिकवील. अंदाज बरोबर होता. मी नोकरी केली. शिक्षणाचा उपयोग झाला. संध्याकाळी घर फार शांत असे एवढीच तक्रार, ती रेडिओने मिटली.

तसे घर दानम्माला मिळू नये असे मला वाटते. बसप्पाला शब्द दिला की हे स्थळ मी पार पाडीन. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की साखरपुडा. दानम्माला सांगितले. "बरं आत्या," म्हणाली. विषय संपला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

लंडन ५.

आठ वाजता मडिवाळप्पा येतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. पंचांगही तेच सांगतात. दोन्ही कामे वेळेचीच, असे त्यांचे म्हणणे. रोज तीनचार घड्याळे आणतात आणि लंडनच्या ठोक्यांवर लावून नेतात. ज्या दिवशी ठोके आले नाहीत त्या दिवसावर त्यांनी पंचांगात फुली केली आहे. ही सवय मला आवडते.

आज दानम्माने त्यांचे पंचांग मागून घेतले आणि तासभर चाळले. मी म्हणाले, गणित म्हणून वाच, भाकीत म्हणून वाचू नकोस.

"गणित म्हणूनच वाचतेय, आत्या."

मग तिने विचारले, अक्कलकोटहून मुलाची आई पाहायला कधी येणार? बसप्पा पुढच्या महिन्यात कधीही म्हणतो, असे मी सांगितले. "मग नऊ तारीख बरी. गुरुवार आहे," म्हणाली. तसे बसप्पाला कळवले. मुलीला स्थळात रस वाटू लागला आहे. बरे झाले.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मुलाच्या आई सुंदरम्मा संध्याकाळी आल्या. अंगाने भारदस्त, बोलण्यात स्पष्ट. खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "ते बोलतं डबं म्हणं हाय तुमच्यात. लावा की, बघू."

आठ वाजता दानम्माने सेट लावला. घरघर.

"काय बोलायलंय ते?"

"काही नाही. आज लंडन येत नाही."

"मग हे काय, त्यांचं घोरनं का?"

मडिवाळप्पा कोपऱ्यात घड्याळे हातात धरून बसले होते. ठोके येईनात म्हणून त्यांनी पंचांग काढून फुली मारली आणि म्हणाले, "आज आश्लेषा. गेल्या खेपेलाबी आश्लेषाच होती की."

नक्षत्रांचे हे खूळ आमच्यात नसावे अशी आमच्या धर्माची शिकवण आहे. ती न पाळण्यासाठी आमच्या गल्लीत सात पंचांगे आहेत. आश्लेषेवर जन्मलेली सून सासूच्या जिवावर येते, असा लोकांचा समज आहे.

एवढ्यात दानम्मा चुरमुऱ्यांच्या सुसल्याच्या बशा घेऊन आली. बशी सुंदरम्मांच्या हातात देऊन माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आत्या, माझा जन्म नेमका किती वाजता झाला हो? तुम्ही घड्याळ घेऊन उभ्या होता ना?"

मी म्हणाले, "पहाटे चार वाजून अकरा मिनिटांनी. आश्लेषा संपायला तीन तास होते."

सुंदरम्मांचा घास हातात राहिला. "आश्लेषा? बसप्पांनी तर मघा नक्षत्र म्हणून सांगितलं."

"बसप्पा त्या वेळी झोपला होता. मी जागी होते."

त्यांनी बशी खाली ठेवली. सुसला चांगला झाला होता, तो संपवायला त्यांनी पुन्हा उचलली, आणि मग गेल्या. दानम्मा तोंडाला पदर लावून आत पळाली. स्वयंपाकघरातून बराच वेळ दबलेला आवाज येत होता. बिचारी रडत होती.

लंडन ०.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

लंडन ५. बसप्पा ०.

सकाळीच आला. "अक्का, तुला मघा म्हणायला काय झालं होतं?"

"ती मघा नव्हती."

"तीन तासांचा तर प्रश्न!"

"मला आधी सांगितलं असतंस, तर खोटं बोलणार नाही असं आधी सांगितलं असतं."

"शब्द दिलायस तू. आता तूच निस्तर," म्हणून गेला. चहा घेतला नाही. त्याचे बरोबर आहे. मोडले माझ्यामुळे, तेव्हा जोडणे माझ्याकडे आले.

१३ नोव्हेंबर, सोमवार

मडिवाळप्पांनी पंचांग उघडून दाखवले. १६ सप्टेंबर फुली, आश्लेषा. १३ ऑक्टोबर फुली, आश्लेषा. ९ नोव्हेंबर फुली, आश्लेषा. "पुढली सहा डिसेंबरला. त्या दिवशी लंडन यायचं न्हाई, लिहून ठेवा बाई."

मी त्यांना सांगितले की हा योगायोग आहे. ते गेल्यावर माझी नोंदवही काढली. शून्याचे दिवस सत्तावीस दिवसांच्या अंतराने येतात. म्हणजे पुढचे शून्य ६ डिसेंबरला. असे का, ते कलकत्त्याला लिहून विचारले.

आता मडिवाळप्पांना खोटे पाडायचे तर ६ तारखेला लंडन आले पाहिजे. ते आले तर माझा हिशेब खोटा ठरतो.

१९ नोव्हेंबर, रविवार

कलकत्त्याहून उत्तर. ते मुद्दाम सविस्तर लिहून ठेवते.

जमिनीपासून ऐंशी कोसांवर हवेत विजेचा थर आहे. दूरच्या केंद्राचा आवाज त्यावर आपटून खाली येतो. सूर्याच्या एखाद्या बाजूला खळबळ असली आणि ती बाजू आपल्याकडे वळली की पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ होते आणि तो थर विस्कटतो. सूर्य स्वतःभोवती फिरून तीच बाजू सत्तावीस दिवसांनी पुन्हा आपल्याकडे करतो. म्हणून शून्ये सत्तावीस दिवसांनी.

चंद्रालाही सगळी नक्षत्रे फिरून यायला सत्तावीस दिवसच लागतात, वर थोडे तास. हे देवाने केले असेल तर मुद्दाम केले आहे.

पुढे प्राध्यापक लिहितात की उत्तरेकडून येणारे आवाज वादळात मरतात, पण विषुववृत्ताच्या आसपास थर उलट वागतो असा त्यांना संशय आहे. तेव्हा लंडन शून्य असेल त्या संध्याकाळी पूर्वेकडचे एखादे केंद्र ऐकून पाहावे. दानम्माने ऑक्टोबरात काही वेळा जावा बेटावरचे केंद्र सहज लावले होते. नोंदवही पाहिली. १३ ऑक्टोबर: लंडन ०, जावा ५. एरवी जावा २.

हाच पुरावा. मुलीच्या नक्षत्राने सेट बंद पडत असेल तर जावाही बंद पडायला हवे. सुंदरम्मांना दोन पाने पत्र लिहिले, आकृतीसह. ६ तारखेला बोलावले आहे. दानम्माला वाचून दाखवले. तिने आकृतीतली एक चूक काढली. पण तोंड उतरले होते. आशा धरायला भीत असेल.

६ डिसेंबर, बुधवार

क्रमाने लिहिते.

सुंदरम्मा, बसप्पा, मडिवाळप्पा पावणेआठला हजर. आठ वाजता लंडन शून्य. मडिवाळप्पांनी घड्याळे पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "माझं काई म्हननं न्हाई." हे म्हणण्यापेक्षा वाईट होते.

मी समजावायला घेतले. पितळी परात डोक्यावर धरली: हा थर. हातात लिंबू घेतले: हा लंडनचा आवाज. लिंबू खालून परातीवर आपटले की खाली येते, आणि—

सुंदरम्मा उठून उभ्या राहिल्या. "लिंबू कशाला उतरायलाव बाई? द्रिष्ट लागली का डब्याला?"

"हा आवाज आहे."

"लिंबू?"

बसप्पा म्हणाला, "अक्का, परात खाली ठेव."

परात ठेवली. दानम्माला म्हणाले, आता जावा लाव. ते या घटकेला पाचावर असले पाहिजे.

दानम्माने कळ फिरवली. घरघर. आणखी थोडी फिरवली. आम्ही पाच मिनिटे थांबलो.

"लागत नाही, आत्या," ती म्हणाली. मान वर केली नाही.

सुंदरम्मांनी शाल सारखी केली. "बाई, तुमचं शिक्षन लई हाय. पोरगीबी गुनाची हाय. पन सून माझ्या दारात यायची, मी वर जायची, आन तुमी वहीत शून्य लिवायच्या. न्हाई जमायचं."

बसप्पा त्यांच्यामागे टांग्यापर्यंत गेला. मी सेटजवळ बसले आणि स्वतः कळ हातात घेतली. तबकडीवरचा काटा जावाच्या जागेपासून दोन घरे अलीकडे होता. दोन घरे सरकवला. एक बाई गात होती, इतक्या मोठ्याने की शेजारच्या बजाबाईंनी खिडकी लावून घेतली. पाच. आठ चाळीसला लंडनही परत आले.

७ डिसेंबर, गुरुवार

दानम्माला बोलले. "तुझा हात तीन महिन्यांत एकदा चुकला नाही, आणि नेमका काल चुकला. न पाहता शून्य म्हणणं ही खोटी साक्ष आहे. माणसाशी खोटं बोललं तर कुणाचं नुकसान झालं ते तरी कळतं. वहीशी खोटं बोललं तर तेही कळत नाही."

ती रडली. या वेळी मी समोर होते, डोळ्यांनी पाहिले. मी एवढे कठोर बोलायला नको होते असे क्षणभर वाटले. मग नोंदवही तिच्यापुढे ठेवली आणि कालच्या शेऱ्यात चूक का झाली ते तुझ्या अक्षरात लिही, असे सांगून बाजारात गेले. शाळेतही माझी हीच पद्धत होती. चूक मुलीने स्वतः लिहायची, मी लगेच वाचायची नाही.

संध्याकाळी बसप्पा आनंदात आला. सुंदरम्मांनी मार्ग काढला आहे. "आश्लेषेची शांत करा म्हनल्या. तीन जानेवारीला पुन्हा आश्लेषा हाय. त्या दिवशी डबा बोलला, तर दोष गेला. गड्ड्यातच साखरपुडा."

मी म्हणाले, सूर्य शांतीला हजर राहणार नाही.

"सूर्याला आमंत्रण न्हाईच की."

१७ डिसेंबर, रविवार

आश्लेषेची शांत झाली. तिला सत्तावीस विहिरींचे पाणी लागते. बसप्पाच्या दिवाणजीने ते दोन तासांत आणले. पहिल्या घागरीची आणि शेवटच्या घागरीची चव सारखीच असावी, पण मी पाहिले नाही म्हणून लिहीत नाही. शंभर भोकांच्या घड्यातून ते दानम्माच्या डोक्यावर सोडले. डिसेंबर महिना. दोष गेला की नाही ते ३ तारखेला कळेल. सर्दी आताच कळली.

२१ डिसेंबर, गुरुवार

महिन्याच्या नोंदी कलकत्त्याला पाठवायच्या म्हणून नक्कल करायला बसले. ६ डिसेंबरच्या शेऱ्यात दानम्माच्या अक्षरात असे आहे:

"जावा शून्य हे खरे नाही. केंद्र येत होते. मी काटा मुद्दाम दोन घरे अलीकडे ठेवला. दा."

दोनदा वाचले. दिवा लावायचे राहिले.

मग ही वही मागे चाळली. ९ नोव्हेंबर ही तारीख तिने सुचवली होती, पंचांग तासभर चाळल्यावर. जन्माची वेळ तिने विचारली होती, सुंदरम्मांच्या समोर. स्वयंपाकघरात ती रडत होती असे मी लिहिले आहे. मी पाहिलेले नव्हते. न पाहता लिहिले.

नक्कल केली. शेरा होता तसा उतरवला. कलकत्त्याच्या प्राध्यापकांना हे बसप्पाच्या आधी कळेल. त्याला इलाज नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

दानम्माला काही बोलले नाही. नक्कल टेबलावर होती, ती तिने पाहिली. मग भाकऱ्या थापायला बसली. भाकऱ्या चांगल्या झाल्या होत्या.

२९ डिसेंबर, शुक्रवार

सप्टेंबरात लंडन तीन संध्याकाळी गेले होते. ऑक्टोबरात दोन. नोव्हेंबरात एक. डिसेंबरात चाळीस मिनिटे. सूर्यावरची ती खळबळ विरत चालली आहे. ३ जानेवारीला लंडन नीट ऐकू येईल. सगळे म्हणतील, शांतीने दोष गेला. साखरपुडा होईल. शिक्षणाचा हा तोटा आहे, गोष्ट पाच दिवस आधी कळते आणि त्या पाच दिवसांत करण्यासारखे काही नसते.

हिशेब दानम्माला दाखवला.

"मीही मांडला होता, आत्या."

"मग?"

"मग काही नाही. आकडे आहेत ते आहेत." तिने नाक पुसले. सर्दी अजून आहे. "मी पुन्हा तसं करणार नाही. काळजी करू नका."

मी काळजी करत होते, पण त्याची नव्हते.

१ जानेवारी १९३४, सोमवार

पेढीवर जाऊन बसप्पाला सांगितले की मुलीला हे लग्न नको आहे. तिला शिकायचे आहे.

"अक्का, तू शब्द दिलायस."

"दिला आहे. म्हणून आधी तुला सांगायला आले."

तो सुताची लडी उलटसुलट करत राहिला. "तुझ्याकडं बघून आपले अप्पा शेवटपर्यंत झुरले. तुला ठाऊक न्हाई. तू शाळेत असायचीस, मी घरी असायचो. म्हणायचे, पोरीला शिकवलं आन एकटी केली. माझ्या पोरीचं मला तसं करायचं न्हाई."

हे मला खरोखर ठाऊक नव्हते.

"बुधवारी डबा बोलला, तर मी कुणाचं ऐकनार न्हाई. न बोलला, तर म्हनीन नशीब. मग पोरीचं काय करायचं ते तू ठरव. मी मधी येनार न्हाई."

मी परत आले. काही जमले नाही.

३ जानेवारी, बुधवार

सुंदरम्मा, मडिवाळप्पा वेळेवर. बसप्पाला पेढीवर माल उतरवायचा होता, तो आला नाही. सुंदरम्मांनी पेढे आणले होते. दुरडी मांडीवर ठेवून बसल्या.

दानम्माने सेट लावला. आठला दोन मिनिटे असताना घरघरीच्या आत बारीक शीळ ऐकू येऊ लागली. केंद्र सुरू होण्याआधी अशी शीळ येते. सुंदरम्मांना ती कळण्याचे कारण नव्हते. मला कळली. लंडन येत होते, आणि चांगले येत होते. अर्ध्या घरावर काटा नेला की ठोके ऐकू आले असते.

दानम्माने कळीवरचा हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आत्या, तुम्ही लावा."

मी तिच्या जागी बसले. कळ हातात घेतली. लंडन कुठे आहे हे मला ठाऊक होते. मी त्याच्यावरून दोन घरे पलीकडे गेले आणि तिथे थांबले.

घरघर.

आठ वाजले ते मडिवाळप्पांच्या पिशवीतल्या घड्याळांनी कळले. चारही मागेपुढे वाजली. ते माझ्या उजवीकडे बसतात, तबकडी त्यांच्या डोळ्यांसमोर असते. सप्टेंबरपासून रोज तिथेच बसतात. त्यांनी काट्याकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले, मग पंचांग काढले.

"आश्लेषा," म्हणाले, आणि फुली मारली नाही. पंचांग तसेच मिटले.

दहा मिनिटे गेली. माझा हात जड झाला होता, पण हलला नाही. सुंदरम्मांनी एक सुस्कारा सोडला. मला वाटते, त्यांनाही सुटल्यासारखे झाले.

"आनलेत ते खावा आता," म्हणून त्यांनी दुरडी दानम्मासमोर ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, तुझ्यावर माझा राग न्हाई गं. सुसला लई चांगला करतीस. पन मला अजून जगायचं हाय."

"जगा की, मावशी," दानम्मा म्हणाली. "शंभर वर्षं जगा."

त्या गेल्यावर नोंदवहीत लिहिले: "लंडन मी लावले नाही." मडिवाळप्पा दारात घुटमळले. म्हणाले, "बाई, घड्याळं लावायची राहिली." मी काटा जागेवर आणला. बातम्या चालू होत्या. आवाज पाच. ठोके निघून गेले होते, तेव्हा घड्याळे उद्या.

का केले ते लिहायला अर्धा तास बसले. कारण नीट मांडता येत नाही. झोप मात्र चांगली येत आहे.

४ जानेवारी, गुरुवार

बसप्पा सकाळी आला. चप्पल न काढता उंबऱ्यावर उभा राहिला.

"अक्का, एक विचारतो. आवाज आला न्हाई, का तू लावला न्हाईस?"

"लावला नाही."

तो उंबऱ्यावरच बसला. दानम्मा आतल्या दारात उभी होती. तिलाही त्याने पाहिले.

"तू? तीन तासांसाठी मघा म्हनाली न्हाईस तू."

"काल मला कुणी विचारलं नाही. तू विचारलंस, सांगितलं. सुंदरम्मांना सांगायचं असेल तर सांग. मी नाकारणार नाही."

"काय सांगू त्यांना? अक्कानं कळ फिरवली न्हाई म्हणून? आन त्या काय म्हनतील? दोषानंच हात धरला म्हनतील." त्याने डोके धरले. मग तसाच, डोके धरूनच हसू लागला. बराच वेळ हसला. लहानपणी मार खाल्ल्यावर असाच हसायचा. "अप्पा असते तर काय म्हनले असते गं?"

"ते झुरले असते. तू सोमवारी सांगितलंस."

"व्हय." डोळे पुसून त्याने चप्पल काढली आणि आत येऊन बसला. दानम्माने चहा आणला. त्याने घेतला. बशीत ओतून फुंकर घालत तिच्याकडे न पाहता म्हणाला, "सायन्स म्हंजे काय काय असतं त्यात?"

ती सांगू लागली. त्याला कळत नव्हते, पण तो थांबवत नव्हता. मध्येच माझ्याकडे वळला. "आन ही तितं राहील कुटं? एकटी? काय काय लागतं, तुला ठाऊक असंल की."

मी कागद घेतला. जूनला अवकाश आहे, पण यादी आधी केलेली बरी. ट्रंक. कंदील. पाण्याचा तांब्या झाकणाचा. दोन जाड चादरी. लुगडी चार पुरतील असे दानम्मा म्हणाली. मी सहा लिहिली. पुण्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, आणि ओल्या लुगड्याने पहिल्या बाकावर बसावे लागते. मला हे कुणी सांगितले नव्हते.